तिसऱ्या कोर्सऐवजी दुधाचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: मोबाइल अ‍ॅपचे दोन मोठे व्हिडिओ कोर्स संपले, सोबत टाइप करत केलेली पाच-सहा अ‍ॅप लॅपटॉपवर आहेत आणि ती चालतातही. पण रिकामा प्रोजेक्ट उघडला की पहिली ओळ काय लिहायची तेच सुचत नाही. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, दिवसाला दीड-दोन तास मिळतात. कॉटलिन (अँड्रॉइडची भाषा) धरू की फ्लटर (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी बांधायचं साधन), आणि तिसरा कोर्स कोणता घेऊ?

तिसरा कोर्स घेऊ नका. कोर्समधल्या अ‍ॅपचं टायपिंग तुम्ही करता, पण ठरवतो दुसराच माणूस. माहिती कुठल्या आकारात ठेवायची, स्क्रीन किती, बटण दाबल्यावर आधी काय बदलायचं, हे सगळं त्यानं रेकॉर्डिंगच्या आधी दोन-तीनदा करून पाहिलेलं असतं आणि चुका कापून टाकलेल्या असतात. तुमच्या ताटलीत निवडलेले तांदूळ येतात. खडे वेचायची सवय लागायची तर सूप स्वतःच्या हातात हवं. तुमची अडचण ठरवण्याच्या सरावाची आहे, आणि तो सराव कोर्समध्ये मिळत नाही.

खालचं सगळं तुमच्या परिस्थितीनुसार कमी-जास्त होईल, म्हणून आधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, पाया. कोरा कागद घ्या. महिनाभराच्या लिटरच्या आकड्यांची यादी दिली, तर दूध किती दिवस आलं आणि एकूण किती आलं, हे सांगणारं फंक्शन कुणाला न विचारता लिहा. वीस मिनिटांत जमलं तर पुढे वाचा. नाही जमलं तर अजून दोन-तीन आठवडे अ‍ॅपकडे बघूही नका. ब्राउझरमधल्या कॉटलिन प्लेग्राउंडवर याद्या, लूप, इफ आणि व्हेन, डेटा क्लास आणि नल (‘मूल्यच नाही’ ही खूण) एवढंच घोटा. तिथे काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. पाया कच्चा असताना अ‍ॅप करायला बसलं की भाषेची चूक कुठली आणि अँड्रॉइडची कुठली हे वेगळं काढता येत नाही, आणि माणूस उगाच स्वतःला दोष देत बसतो.

दुसरी, कॉटलिन की फ्लटर. ज्यात दोन कोर्स केलेत तेच पुढे न्या. नोकरीसाठी शिकत असाल तर ज्या शहरात काम करायचं आहे तिथल्या जाहिराती अर्धा तास बसून मोजा आणि जास्त भरेल ते घ्या. इंटरनेटवरचे वाद वाचून ठरवू नका. फ्लटरचा ‘एकदा लिहा, दोन्हीकडे चालवा’ हा फायदा खरा आहे, पण आयफोनसाठीचं अ‍ॅप बांधायला मॅक आणि एक्सकोड लागतं, आणि ते स्टोअरवर ठेवायचं तर वर अ‍ॅपलची वर्षाची ९९ डॉलर फी. मॅक नसलेल्या शिकाऊला पहिल्या वर्षी तो फायदा सहसा हाती लागत नाही. मी पुढे कॉटलिन आणि जेटपॅक कंपोझ (अँड्रॉइडची स्क्रीन कोडमधून बांधायची पद्धत) धरून लिहितो. फ्लटरवाल्यांनी नावं बदलून घ्यावीत, क्रम तोच राहतो.

इथे एक तारीख लक्षात ठेवा: कंपोझची १.० आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली. त्याआधीच्या व्हिडिओत स्क्रीन एक्सएमएलमध्ये बांधलेली दिसेल. ते चुकीचं नाही, जुन्या कंपन्यांमध्ये तसा कोड ढिगानं आहे, पण दोन्ही पद्धती एकत्र शिकायला गेलात तर दोन्हीही धड येणार नाहीत. शिवाय २०२४ मध्ये कॉटलिन २.० आल्यावर कंपोझचा कंपायलर कॉटलिनसोबतच येऊ लागला आणि त्याची सेटिंग लिहायची जागा बदलली. त्याआधीच्या व्हिडिओतले ग्रेडल (प्रोजेक्ट बांधणारं साधन) फाइलमधले आकडे जसेच्या तसे उतरवले की प्रोजेक्ट बांधलाच जात नाही, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. उपाय सोपा आहे. अँड्रॉइड स्टुडिओच्या ‘एम्प्टी अ‍ॅक्टिव्हिटी’ टेम्प्लेटपासून नवा प्रोजेक्ट सुरू करा आणि त्यातल्या आवृत्त्यांना हात लावू नका. किमान आवृत्ती मात्र एपीआय २६, म्हणजे अँड्रॉइड ८ निवडा. तारखांसाठीचा लोकलडेट तिथपासून थेट वापरता येतो.

तिसरी, लॅपटॉप. ८ जीबीवर अँड्रॉइड स्टुडिओ चालतो, एम्युलेटर (लॅपटॉपवरचा नकली फोन) रडवतो. एम्युलेटर विसरा आणि स्वतःचा फोन केबलनं जोडा. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करा. काही कंपन्यांच्या फोनवर ‘इन्स्टॉल व्हाया यूएसबी’ असा आणखी एक खटका असतो, तोही लागतो. एवढं करूनही स्टुडिओला फोन दिसत नसेल तर आधी केबल बदला. चार्जिंगपुरत्याच असलेल्या केबलमधून डेटा जात नाही, आणि यात लोकांची अख्खी संध्याकाळ जाते. पहिल्यांदा प्रोजेक्ट उघडल्यावर ग्रेडल बरंच काही उतरवून घेतं. तेव्हा ‘सिंक’ पुन्हा पुन्हा दाबू नका, चहा करून या. डिस्क जुनी फिरणारी असेल तर कोर्सचे पैसे एसएसडीवर घाला.

आता खरं काम. एकच अ‍ॅप घ्या, इतकं लहान की सांगायला एक वाक्य पुरेल, आणि घरातलं एक माणूस ते रोज वापरेल असं. मी दुधाचा हिशेब सुचवेन. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खाड्याच्या फुल्या आणि ‘दीड’, ‘अर्धा जास्त’ अशा खुणा असतात, आणि महिनाअखेरीस दूधवाल्याशी तोंडी बेरीज होते. लॉगिन नको, सर्व्हर नको, जाहिराती नकोत. डब्याचे किंवा कामवालीचे खाडे घेतलेत तरी चालेल. हवामान किंवा टू-डू अ‍ॅप मात्र नको. त्याची हजार तयार उत्तरं पडलेली आहेत, अडलात की हात आपोआप तिकडे जातो.

स्टुडिओ उघडण्याआधी एक महिना कागदावर मांडा. उदाहरणार्थ, जून, ३० दिवस. रोजचं १ लिटर. ४, ५ आणि २० तारखेला खाडा. १० आणि २५ तारखेला अर्धा लिटर जास्त. दर १ तारखेपासून ६० रुपये, १६ तारखेपासून ६२. हातानं करा: पहिल्या पंधरवड्यात १३ अधिक अर्धा, म्हणजे साडेतेरा लिटर, ८१० रुपये. दुसऱ्यात साडेचौदा लिटर, ८९९ रुपये. एकूण १७०९. हा आकडा भिंतीवर चिकटवा. पुढचे दोन महिने अ‍ॅप बरोबर आहे की नाही हे तोच सांगेल.

हे उदाहरण मुद्दाम वाकडं घेतलंय. नवखा माणूस ‘दर’ हा एकच आकडा सेटिंग्जमध्ये ठेवतो आणि एकूण लिटरना त्यानं गुणतो. २८ गुणिले ६२, १७३६. सत्तावीस रुपये जास्त. त्याहून वाईट म्हणजे जुलैत दर ६४ केला की मिटवून टाकलेलं जूनचं बिलही बदलतं. इथून शिकायचं ते असं की दर हा आकडा नसून ‘या तारखेपासून इतका’ अशी नोंद आहे. कोर्समध्ये हे वाक्य ऐकलं असतं तर मान डोलावून पुढे गेला असता. १७३६ समोर आला की ते हाडात मुरतं.

दुसरा निर्णय याहून अवघड. रोजची नोंद साठवायची, की फक्त खाडे आणि जास्तीचं दूध साठवून बाकीचे दिवस ‘रोजचं १ लिटर’ धरायचे? फक्त अपवाद साठवले तर वापरणाऱ्याचे कष्ट वाचतात, महिन्यात चार-पाच वेळाच अ‍ॅप उघडावं लागतं. पण ‘रोजचं’ प्रमाण ऑगस्टपासून दीड लिटर झालं की मागचे सगळे महिने दीडनं मोजले जातील, जर तेही तारखेसकट साठवलं नसेल तर. रोजची नोंद साठवली तर हा घोळ होत नाही, पण कुणी दोन दिवस अ‍ॅप उघडलं नाही तर ते खाडे की विसर, हे कळत नाही. मी अपवाद साठवेन आणि रोजच्या प्रमाणालाही दरासारखीच ‘या तारखेपासून’ची नोंद देईन. तुम्ही उलट ठरवलंत तरी हरकत नाही, फक्त का ठरवलं ते दोन ओळींत लिहून ठेवा. हे असं बसून ठरवणं, नेमकं हेच तुमच्याकडून आजवर कुणी करून घेतलेलं नाही.

मग पहिला थर: फोन न जोडता, नुसत्या कॉटलिनमध्ये बिलाचं फंक्शन. आत अपवादांची यादी, दरांची यादी, रोजच्या प्रमाणाची यादी, महिना, बाहेर रक्कम. स्क्रीन नाही, बटण नाही. १७०९ येईपर्यंत इथून हलायचं नाही.

इथे पैशांबद्दल थोडं सविस्तर, कारण ही चूक पुढे नोकरीतही पाठ सोडत नाही. लिटर आणि रुपये दशांशात, डबलमध्ये ठेवू नका. कॉटलिनमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून छापा, ०.३०००००००००००००००४ येईल, कारण ०.१ हा अपूर्णांक संगणकाच्या द्विमान (० आणि १ च्या) अंकांत नेमका बसत नाही. गंमत अशी की अर्धा, पाव, पाऊण नेमके बसतात, त्यामुळे दुधाच्या अ‍ॅपमध्ये ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते आणि दर ६२.४० झाल्यावर वर येते. म्हणून लिटर मिलिलिटरमध्ये आणि रुपये पैशांमध्ये, पूर्णांकात ठेवा. रक्कम काढताना मिलिलिटर गुणिले दर, मग भागिले १०००. क्रम उलटा केलात तर ५०० भागिले १००० याचं पूर्णांकी उत्तर शून्य येतं आणि अर्धा लिटर दूध फुकट मिळतं. आणि इंट ऐवजी लाँग, म्हणजे मोठ्या पूर्णांकांचा प्रकार वापरा. इंटमध्ये २१४ कोटींच्या थोडं वरपर्यंतच आकडा मावतो. घरच्या दुधाला तो पुरतो, पण उद्या दूधवाल्यानंच अ‍ॅप मागितलं तर ५०० लिटर म्हणजे ५ लाख मिलिलिटर, गुणिले ६२०० पैसे, ३१० कोटी. उत्तर वजा चिन्हासकट येईल.

दुसरा थर: एक स्क्रीन, आजची तारीख, आजचं प्रमाण, अधिक आणि उणे अशी दोन बटणं, प्रत्येक टिचकीला २५० मिलिलिटर. एवढंच. हे तुम्ही कोर्समध्ये दहादा केलं असेल. आता ते चार प्रकारे मोडून बघा. आधी प्रमाण साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. बटण दाबल्यावर आकडा आत बदलतो, स्क्रीन ढिम्म हलत नाही, कारण काही बदललं हे कंपोझला कळतच नाही. मग ते म्युटेबलस्टेटऑफमध्ये (बदल झाला की कंपोझला कळवणाऱ्या डबीत) ठेवा, पण रिमेंबरशिवाय. स्टुडिओ लाल रेघ मारेल, तरी चालवा. स्क्रीन नव्यानं काढली जाते तेव्हा फंक्शन वरपासून पुन्हा चालतं आणि आकडा परत मूळ जागी येतो. मग रिमेंबर लावा. आता चालेल. फोन आडवा करा. गेला आकडा, कारण फोन फिरवल्यावर अँड्रॉइड अख्खी अ‍ॅक्टिव्हिटी पाडून नवी बांधतं. मग रिमेंबरसेव्हेबल लावा, टिकेल. या चारही प्रयत्नांना मिळून तासभर लागतो, आणि ‘स्टेट’ या विषयावरचे दहा व्हिडिओ वाचतात. प्रत्येक वेळी चालवण्याआधी काय होईल याचा अंदाज वहीत लिहा. अंदाज चुकला तिथे तुमची समज चुकीची आहे, नेमकी ती जागा सापडली.

डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज’ म्हणून एक खटका आहे. तो चालू करून अ‍ॅपमधून बाहेर जा आणि परत या. फोनची रॅम कमी पडल्यावर जे घडतं त्याच्या जवळपासचं तिथे लगेच बघायला मिळतं. तपासून झालं की बंद करा, नाहीतर इतर अ‍ॅप का विचित्र वागतायत म्हणून डोकं खाजवत बसाल.

तिसरा थर महिन्याची यादी. लेझीकॉलममध्ये (कंपोझची सरकणारी यादी) तीस ओळी, ओळीवर टिचकी मारली की खाडा. यात एकच सापळा आहे: नोंद ओळीच्या क्रमांकावर बांधू नका, तारखेवर बांधा. शून्यापासून मोजणारी यादी आणि एकपासून सुरू होणारा महिना यांच्यात एका दिवसाचा फरक पडतो, आणि चारचा खाडा पाचला लागतो.

चौथा थर साठवण, म्हणजे रूम, फोनमधला डेटाबेस हाताळणारी लायब्ररी. तीन टेबलं पुरतात: अपवाद, दर, रोजचं प्रमाण. पहिला अडथळा येईल तो ‘मुख्य थ्रेडवर डेटाबेस उघडता येत नाही’ असा. त्यावर मुख्य थ्रेडवर परवानगी देणारी एक ओळ नेटवर सापडते. ती घालू नका. क्वेरीची फंक्शन्स सस्पेंड करा, म्हणजे स्क्रीन सांभाळणारा मुख्य थ्रेड अडत नाही, आणि याद्या फ्लोच्या रूपात घ्या, म्हणजे नोंद बदलली की नवी यादी आपोआप येते.

याच थरात मराठी फोनवर हमखास दिसणारी एक चूक आहे, परदेशी कोर्समध्ये ती सहसा नसते. फोनची भाषा मराठी असेल तर स्ट्रिंग फॉरमॅट करणारं नेहमीचं फंक्शन आकडे देवनागरीत छापतं. दाखवायला छानच. पण त्याच पद्धतीनं तारीख तयार करून डेटाबेसमध्ये किल्ली म्हणून ठेवलीत, तर एका फोनवर ती देवनागरी अंकांत आणि दुसऱ्यावर इंग्रजी अंकांत साठते. वापरणाऱ्यानं मध्येच भाषा बदलली की आधीचे सगळे खाडे गायब, कारण शोधायची किल्लीच वेगळी झाली. साठवण्यासाठी लोकलडेटचं टूस्ट्रिंग वापरा, ते भाषा कुठलीही असो इंग्रजी अंकच देतं. देवनागरी फक्त दाखवताना. तसंच, ‘१.५’ असं देवनागरीत टाइप केलेलं टूडबलला वाचता येत नाही, तिथे अ‍ॅप कोसळतं. पाव लिटरची अधिक-उणे बटणं ठेवायचं हेही एक कारण आहे: लिहायची चौकटच नसली की तिच्या चुकाही नसतात. आणि मराठी मजकुराच्या ओळीला ठरावीक उंची देऊ नका. ‘सर्व’ मधला रफार आणि ‘तीन’ मधली वेलांटी वरून कापली जाते.

अ‍ॅप कोसळलं की काय करायचं, ते एकदा नीट बघू. समजा जूनचं सगळं बरोबर आलं म्हणून तुम्ही मागचा महिना, मे, उघडलात आणि अ‍ॅप बंद पडलं. लॉगकॅटमध्ये (फोनवर काय घडतंय ते दाखवणारी स्टुडिओतली खिडकी) लाल अक्षरांत चाळीस ओळी आल्या. वरून खाली वाचत सुटू नका. आधी ‘फेटल एक्सेप्शन’ शोधा. त्याखाली ‘कॉज्ड बाय’ असेल तर त्यातला सगळ्यात खालचा घ्या, मूळ कारण तिथे असतं. मग त्याखालच्या ओळींपैकी तुमच्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ शोधा. शेजारी फाइल आणि ओळीचा क्रमांक निळ्या अक्षरांत असतो, त्यावर टिचकी मारा. बाकीच्या ओळी अँड्रॉइडच्या आतल्या, त्यांच्याशी आपलं देणंघेणं नाही. इथे कारण निघेल ‘नोसचएलिमेंट’, आणि ओळ निघेल दर शोधणारी: ‘या तारखेला किंवा त्याआधी सुरू झालेला शेवटचा दर दे’. पहिला दर १ जूनचा आहे, त्यामुळे मेसाठी असा दरच नाही आणि ‘लास्ट’ हे फंक्शन हात वर करतं. ‘लास्टऑरनल’ लिहिलं की कोसळणं थांबेल. पण मग नल आला तर दाखवायचं काय? शून्य रुपये? ते खोटं आहे. ‘या महिन्याचा दर भरा’ असं दाखवणं खरं. एका एररमधून निघालेला हा तिसरा निर्णय.

पाचवा थर लहान आणि मजेचा: बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं. साधा मजकूर शेअर करायला इंटेंटच्या (दुसऱ्या अ‍ॅपला काम सोपवणारा निरोप) पाच-सात ओळी लागतात, परवानगी लागत नाही. हा थर झाला की अ‍ॅप घरच्यांच्या हातात द्या आणि गप्प बसून बघा. ‘इथे दाबा’ असं सांगावंसं वाटलं की ओठ मिटा आणि ते बटण का दिसलं नाही ते टिपून घ्या.

संध्याकाळच्या आठवणीची सूचना लगेच जोडू नका. अँड्रॉइड १३ पासून सूचनांची परवानगी वेगळी मागावी लागते. वर्कमॅनेजरचं (मागच्या मागे काम लावणारी लायब्ररी) ठरावीक अंतरानं चालणारं काम १५ मिनिटांहून कमी अंतरानं लावता येत नाही आणि वेळेवर होईलच याची हमी नसते. शिवाय बॅटरी वाचवणारे काही फोन ते परस्पर झोपवतात. महिनाभरानंतर बघा.

त्या महिनाभरात एक मागणी नक्की येईल: गाईचं आणि म्हशीचं वेगळं धरा. टेबलात एक रकाना वाढवाल, चालवाल, आणि अ‍ॅप उघडताच कोसळेल. रूम म्हणेल रचना बदलली, आवृत्तीचा आकडा वाढवायला विसरलात. आकडा वाढवाल तर म्हणेल १ वरून २ वर जायचा मार्ग, मायग्रेशन, सापडत नाही. नेटवर लगेच उत्तर मिळतं, ‘फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन’. एक ओळ, आणि कोसळणं थांबतं. ती ओळ जुनं टेबल पुसून नवं बनवते. घरच्यांनी महिनाभर भरलेला हिशेब साफ. सरावाच्या अ‍ॅपमध्ये याचं कुणालाच काही वाटलं नसतं. खऱ्या माणसाची खरी नोंद आत असल्यावर तुम्ही मायग्रेशनची ती दोन वाक्यांची एसक्यूएल लिहायला शिकताच. रोज वापरणारं माणूस हवं असं वर म्हटलं ते यासाठी.

रोजचे दीड तास कसे घालवायचे याबद्दल थोडंच. पहिली दहा-पंधरा मिनिटं कालचं एक फंक्शन न बघता कोऱ्या फाइलमध्ये पुन्हा लिहा. मग एकच बदल, चालवा, चाललं की गिटमध्ये (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) कमिट, म्हणजे नोंद. दोन बदल एकदम करून बिघडलं तर कुणी बिघडवलं ते कळत नाही. व्हिडिओ बघायचाच तर अडलेल्या गोष्टीचा, दहा मिनिटं. मग टॅब बंद करून आठवणीतून लिहा. बाजूला व्हिडिओ आणि शेजारी स्टुडिओ अशी मांडणी बंद. अर्धा तास अडलात तर तीन ओळी लिहा: काय व्हायला हवं होतं, काय झालं, काय करून पाहिलं. निम्म्या वेळा तिसरी ओळ लिहितानाच चूक दिसते. नाही दिसली तर त्याच ओळी आणि लॉगकॅटमधला तो तुकडा घेऊन कुणालाही विचारा, उत्तर मिळेल.

एआयला विचारू का, हा प्रश्न तुम्ही केलेला नाही, पण आज तो टळत नाही. विचारा, पण क्रम पाळा. एररचा अर्थ विचारणं चांगलं. तुमचं चाललेलं फंक्शन दाखवून ‘यात कुठल्या महिन्याला चूक येईल’ असं विचारणं फारच चांगलं. ‘दुधाच्या हिशेबाचं अ‍ॅप लिहून दे’ म्हटलंत तर पाच मिनिटांत चालणारं अ‍ॅप मिळेल आणि तुम्ही पुन्हा दोन कोर्स केलेल्या जागी येऊन उभे राहाल. माझा नियम: जी ओळ दुसऱ्याला बोलून समजावता येत नाही ती प्रोजेक्टमध्ये राहत नाही.

दिवसाला दीड तास धरला तर पहिले पाच थर व्हायला साधारण सहा ते दहा आठवडे लागतात. पाया पक्का असेल तर लवकर, रूम पहिल्यांदाच हाताळत असाल तर उशिरा. पाचवा थर झाला की दुसरा आणि तिसरा थर एकदा पुसून परत लिहा. पहिल्या वेळी अडलेली जागा आता कशी वाटते ते बघा.

शेवटचा एक मुद्दा, तो आधीच करून ठेवा. स्टुडिओतून केबलनं टाकलेल्या अ‍ॅपवर तुमच्या लॅपटॉपच्या डीबग किल्लीची सही असते. लॅपटॉप बदलला, विंडोज नव्यानं टाकली किंवा पुढे तुम्ही स्वतःच्या किल्लीनं रिलीज बिल्ड केलीत, की सही बदलते. मग घरच्यांच्या फोनवरचं जुनं अ‍ॅप नव्या अ‍ॅपला वर बसू देत नाही. ते काढून टाकावं लागतं आणि सोबत डेटा जातो. म्हणून दुसऱ्याच्या फोनवर पहिल्यांदा टाकतानाच ‘जनरेट साइन्ड’ मेनूतून स्वतःची किल्ली बनवा, ती फाइल आणि पासवर्ड लॅपटॉपबाहेर दोन ठिकाणी ठेवा, गिटमध्ये टाकू नका. प्ले स्टोअरची घाई नाही. तिथे खात्याचे एकदाच २५ डॉलर लागतात, आणि नोव्हेंबर २०२३ च्या मध्यानंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. तोवर एपीके फाइल पाठवून काम भागतं, आणि सोसायटीत दुधाचा हिशेब ठेवणारी बारा घरं शोधायला वेळही मिळतो.